मानाय सियानाचा आवाज बसला तेव्हा

बिशपांचं पत्र आलं तेव्हा मी चर्चच्या कचेरीत बाप्तिस्म्याचे दाखले लिहीत बसले होते. फादर एलिसेओंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. प्रत्येक चर्चनं मनाच्या आजारांसाठी सेवा सुरू करावी, तीही उपवासकाळाच्या आधी, आणि दर तीन महिन्यांनी अहवाल धाडावा, असं त्यात होतं.

आमच्या गावात मनाचे आजार नव्हते. म्हणजे असले तरी त्यांना नावं दुसरी होती. सुतार कोंराडोच्या बायकोला वारा लागला होता, शाळेतल्या एका बाईंची श्रद्धा कमी पडत होती, आणि माझा सख्खा मामा गेली बारा वर्षं घराबाहेर न पडता विश्रांती घेत होता.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादरांनी सांगितलं की, ज्यांना लोकांचं शांतपणे ऐकून घेता येतं त्यांनी माझ्याकडे नावं द्यावीत. अकरा नावं आली. अकराही जणी गावातल्या सगळ्यांत बोलक्या. ज्यांना खरंच ऐकता येत होतं ते नेहमीसारखे गप्प बसले आणि घरी गेले.

यादीत पहिलं नाव होतं एमेरेन्सियाना ब्रागाईस. तिला अख्खं गाव मानाय सियाना म्हणायचं. आमच्या बिकोल भागात वयानं मोठी असलेली प्रत्येक बाई मानाय, म्हणजे थोरली बहीण. पण सियाना खरोखरच सगळ्यांची थोरली बहीण होती. पस्तीस वर्षं तिनं पहिलीच्या वर्गाला शिकवलेलं, त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांचं नाक तिनं कधी ना कधी पुसलं होतं. कुणाच्या घरी मयत झाली की भाताचं पातेलं घेऊन सगळ्यांत आधी तीच पोचायची, आणि मयताची बातमी घेऊन सगळ्यांत आधी बाहेरही तीच पडायची. मन सोन्यासारखं; तोंडाला मात्र दार नव्हतं.

शहरात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. हजेरी मांडायला फादरांनी मलाही धाडलं. शिकवायला मानसशास्त्र शिकलेल्या एक सिस्टर होत्या, किरकोळ अंगाच्या आणि अतिशय सोशिक. त्यांनी दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या. एकीनं आपलं दुःख सांगायचं, दुसरीनं पाच मिनिटं फक्त ऐकायचं, मध्ये एक शब्दही बोलायचा नाही. सिस्टर घड्याळ लावून बसल्या. मानाय सियाना चाळीस सेकंद टिकली. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस. त्या पाच सेकंदांचं तिला इतकं कौतुक वाटलं की तिसरा दिवस ते सांगण्यातच गेला.

सिस्टरांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. समोरच्याच्या बोलण्यात जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा सूर लागला, तर आडवळणानं जाऊ नका. सरळ विचारा की तू मरायचं ठरवलंयस का. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, तो आधीच शिरलेला असतो. जेवणाच्या सुट्टीत मानाय मला म्हणाली की सिस्टर शिकलेल्या असतील, पण असलं अभद्र कुणी कुणाला विचारतं का? शेवटी सगळ्यांना प्रशस्तिपत्रकं मिळाली, महापौरांचा हसरा चेहरा छापलेला एकेक टीशर्टही मिळाला.

माझ्या कचेरीला लागून एक अडगळीची खोली होती. पवित्र आठवड्यातल्या मिरवणुकीचे पुतळे वर्षभर तिथं ठेवलेले असत. ते एका भिंतीशी सरकवून दोन खुर्च्या मांडल्या आणि दारावर पाटी लावली, 'ऐकण्याची खोली'. कचेरीत आणि त्या खोलीत फक्त प्लायवुडचा पडदा होता. मी कान देत नसे, पण मानायच्या आवाजापुढे प्लायवुड काय करणार.

पाळ्या अकरा जणींच्या होत्या, पण खुर्चीत बहुतेक मानायच असायची. पहिल्या महिन्यात चौदा माणसं आली. प्रत्येकाचं दुःख मानायनं मोठ्या मनानं मध्येच तोडलं. तुझं काहीच नाही, माझं ऐक, असं म्हणून ती आपलं दुःख काढायची, आणि ते नेहमी समोरच्यापेक्षा थोरलं निघायचं. शाळेतल्या बाई एकदा आल्या. आपल्याला सकाळी उठावंसंच वाटत नाही, एवढंच त्या सांगू शकल्या. जाताना त्यांच्या हातात मनाच्या आजारांत धावून येणाऱ्या संत डिंफ्नाचं पदक, नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं पुस्तक आणि अळूच्या पानांत नारळाचं दूध कधी घालावं याची कृती होती. संध्याकाळपर्यंत मासळीबाजारात सगळ्यांना कळलं की बाईंना उठवत नाही. उपवासकाळ लागला तशी खोली ओस पडली. पुतळे आणि मानाय समोरासमोर बसून असत.

मग पवित्र आठवडा आला. आमच्याकडे त्या दिवसांत पाबासा असतो. प्रभूच्या दुःखसहनाची सगळी गाथा सलग गायची, गाणारे बदलत राहायचे, गाणं थांबू द्यायचं नाही. मानायला दुसऱ्याचं गाणं पटत नसे, म्हणून ती बदलीच देईना. सोमवार ते बुधवार मिळून तिनं एकोणीस तास गायलं. गुड फ्रायडेला क्रूसाच्या वाटेवर तिनं तोंड उघडलं तर नुसती हवा आली.

आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला आणि सांगितलं की तीन आठवडे एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही, ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा जाईल. त्यावर मानायनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी आपल्या ओठांवर बोट ठेवलं. ईस्टरच्या मिस्सानंतर तिचा नवरा, मानोय (म्हणजे थोरला भाऊ) गाबिनो, चर्चच्या पायरीवर भेटला. त्याला मी एरवी दोन वाक्यांच्या पुढे बोलताना ऐकलेलं नव्हतं. तो म्हणाला, "आमच्या फ्रिजला घरघर आहे. मला ठाऊकच नव्हतं."

मंगळवारी तिची पाळी होती, म्हणून ती शाळेतली जुनी पाटी आणि खडू घेऊन खोलीत येऊन बसली. खाडा करणं तिच्या रक्तात नव्हतं. त्या दिवशी लुरिंग नावाची कोळीण आली, तीही मानायनं पूर्वी दिलेलं पदक परत करायला. पदकाचा काही उपयोग झाला नाही असं तिनं सांगितलं आणि भांडणाच्या तयारीनं उभी राहिली. पलीकडून उत्तर नाही. ती आणखी थोडं बोलली. उत्तर नाही. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. वादळात नवऱ्याची होडी परत आली नव्हती त्या दिवसापासूनचं सगळं लुरिंग बोलली. आठ वर्षांत तिनं ते कुणाजवळ काढलं नव्हतं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मला म्हणाली, "मानायला काय झालंय ग? किती शहाण्यासारखं बोलली आज."

मग रीघ लागली. लोक पहाटेच्या मिस्सापासून बाकावर नंबर धरून बसू लागले. पाबासाच्या वेळी पवित्र आत्म्यानं मानायला मौनाचं वरदान दिलं, असं रोझरी मंडळात ठरलं. शेजारच्या गावच्या चर्चनं तिची पद्धत शिकायला तीन बायका धाडल्या. त्या दिवसभर वहीत काहीतरी लिहीत बसल्या. बाकीच्या दहा जणींनीही गप्प बसून पाहिलं, पण त्यांचे घसे ठणठणीत होते, त्यामुळे जमलं नाही. फादरांनी अहवालात पहिल्या महिन्याचे चौदा आणि ईस्टरनंतरच्या पहिल्या आठवड्याचे एकसष्ट असे आकडे घातले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'प्रार्थना'.

दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, निकानोर आला.

निकानोर आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. पंचेचाळीसचा असेल. लग्न केलं नव्हतं. आईचं सगळं करता करता वय गेलं, आणि आदल्या वर्षी आईही गेली. त्यानंतर तो वाळत चालला होता, पण विचारलं की बरं आहे म्हणायचा, आणि आम्हीही ते बरं मानून घ्यायचो. ज्याच्या बोटांत देवानं संगीत घातलंय तो दुःखी कसा असेल, असं गायकवृंदातल्या बायका म्हणायच्या.

प्लायवुडपलीकडून त्याचा आवाज अगदी साधा येत होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. सगळी स्तोत्रं त्यानं सणावारांप्रमाणे लावून ठेवली होती, कप्प्यांवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या, नव्या वादकाला शोधावं लागू नये म्हणून. आईचं शिलाईयंत्र चुलतबहिणीला देऊन टाकलं होतं. कुत्रा शेजाऱ्यांकडे रुळला होता. येत्या रविवारची मिस्सा वाजवली की मग कुणाचं काही अडणार नव्हतं.

मी लिहायची थांबले. एरवी मानाय काय म्हणाली असती ते मला पाठ होतं. अरे, तुझी आई स्वर्गातून बघतेय, हस पाहू, आणि जरा खात जा. तो हसला असता, बरं म्हणाला असता आणि निघून गेला असता. त्याऐवजी पाटीवर खडू चालल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालला. तिचं अक्षर पहिलीच्या वर्गातलं, मोठं आणि गोल.

ती पाटी मी नंतर पाहिली. तिच्यावर लिहिलं होतं, 'तू मरायचं ठरवलंयस का?'

"हो, मानाय," निकानोर म्हणाला. आणि मग त्याला रडू फुटलं. इतक्या मोठ्या माणसाला असं रडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

दार उघडलं. मानायनं त्याचं मनगट धरलं होतं, पहिलीतल्या पोराला रस्ता ओलांडून नेताना धरावं तसं. दुसऱ्या हातात पाटी. मला तिनं मानेनंच सांगितलं, चल.

फादर तेव्हा दिवाणखान्यात जत्रा समितीबरोबर बसले होते. मे महिन्याच्या जत्रेत कुमारी मरियेचा झगा निळा असावा की पांढरा, यावर दोन तास झाले होते. मी फादरांना बाजूला घेऊन थोडक्यात सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आधी कुमसार, म्हणजे पापांची कबुली, करून घेऊ, असं ते म्हणाले. मग नऊ दिवस सगळे मिळून प्रार्थना करू, तोवर मी बिशपांच्या कचेरीत विचारतो की अशा वेळी कोणता अर्ज भरायचा. मानायनं पाटी पुसली, लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरली. 'इस्पितळ. आज.'

"मानाय, जरा हळूहळू घेऊया," फादर म्हणाले. "चर्चचा वादक आहे तो. लोकांना कळलं तर काय म्हणतील?"

मानायनं बाहीनं पहिला शब्द पुसला. पाटीवर नुसतं 'आज' राहिलं.

समितीच्या अध्यक्षांनी आठवण करून दिली की चर्चची जीप दुपारी झगा आणायला जाणार आहे. मानायनं पाटी त्यांच्यापुढे धरली. ते शिकलेले गृहस्थ होते, पण एवढा एक शब्द वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग फादर उठले, खिळ्यावरची किल्ली घेतली आणि स्वतःच गाडीत जाऊन बसले.

शहरापर्यंत दोन तास लागले. मागच्या बाकावर निकानोर मध्ये आणि आम्ही दोघी दोन बाजूंना. मानायनं मनगट सोडलं नाही. इस्पितळात मनाच्या आजारांचा विभाग मागच्या अंगाला आहे. फादर कुणाला न विचारता तिकडे वळले. एवढ्या मोठ्या इस्पितळात त्यांना वाट कशी ठाऊक, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. खिडकीपाशी बसलेल्या नर्सनं मान वर केली आणि हसली.

"फादर, तुम्ही आज कसे? तुमची तारीख तर मंगळवारची आहे. गोळ्या संपल्या का?"

फादर म्हणाले की आपण आज दुसऱ्यासाठी आलो आहोत. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

निकानोरला आत घेतलं. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी फादर धर्मगुरूंच्या प्रार्थनासभेला शहरात जायचे, अख्ख्या गावाला ते माहीत होतं. दोनदा तर वाटेत खायला म्हणून मीच चिकट भाताची पुरचुंडी बांधून दिली होती. आता ती सभा कुठं भरायची ते कळलं.

मग फादर आपणहून बोलले. चार वर्षं झाली होती. पहाटे वेदीपुढे उभं राहायचं, हात वर करायचे, आणि आत काहीच हलायचं नाही. आपल्या पापामुळे असं होतंय असं वाटून त्यांनी उपास वाढवले, तेव्हा नुसतं वजन उतरलं. "गोळ्यांनी देव बोलायला लागतो असं नाही," ते म्हणाले. "पण तो बोललाच तर ऐकायला मी शुद्धीवर असतो."

मला राहवलं नाही. मी विचारलं, मग निकानोरला नऊ दिवस थांबायला का सांगत होतात?

"मी स्वतः पंधरा महिने थांबलो होतो," ते म्हणाले. "मला नऊ दिवस कमीच वाटले."

मानायनं खडू उचलला होता. तिनं तो पाटीला टेकवला, थोडा वेळ तसाच धरला, आणि परत पिशवीत टाकला. मग पिशवीतून एक पाव काढून त्यांच्या हातात ठेवला. फादरांनी तो सगळा खाल्ला.

(हे लिहायला फादरांची हरकत नाही. ते आता दुसऱ्या गावी असतात. फक्त आपल्या गावाचं नाव घालू नकोस, एवढंच त्यांनी कळवलं. म्हणून घातलेलं नाही.)

निकानोरला दाखल करून घेतलं. परतताना गाडीत प्रत्येकाच्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. डॉक्टरीणबाईंच्या तीन आठवड्यांतले नऊ दिवस उरले होते. आमच्या गावच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी बातमी मानाय सियानाच्या पोटात होती आणि तिचा घसा बरा होत होता.

त्या नऊ दिवसांत फादरांनी मला रोज विचारलं, मानायचा घसा कसा आहे. एकदा तर, बिचाऱ्या म्हातारीनं घाई करू नये, असं तीनदा म्हणाले. तिकडे गावकऱ्यांनीही डॉक्टरीणबाईंकडे शिष्टमंडळ नेलं आणि आणखी महिनाभर बंदी वाढवता येईल का, असं अदबीनं विचारलं. मानोय गाबिनो शिष्टमंडळात नव्हता, पण दाराबाहेर उभा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की माणूस बरं झालं तर मी त्याला आजारी कसं ठरवू?

ठरल्या दिवशी आवाज आला, पूर्वीपेक्षा थोडा घोगरा. मानाय पहिल्यांदा कोंबड्यांना ओरडली, मग नवऱ्याला, मग शेजारणीला. दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. रविवारी फादरांनी इतकं आखूड प्रवचन दिलं की लोकांना वाटलं, त्यांचाही घसा बसला. मानाय पहिल्या बाकावर बसून त्यांच्याकडे बघत होती. मिस्सानंतर अंगणात ती तासभर बोलली, सुनेबद्दल, डासांबद्दल, पाबासात कोण बेसूर गायलं त्याबद्दल. त्या एका गोष्टीबद्दल मात्र चकार शब्द नाही. मी जवळच उभी होते; दोनदा तिचे ओठ त्या दिशेला गेलेले मला दिसले आणि दोन्ही वेळा तिनं ते मिटून घेतले. त्या श्रमानं तिच्या कपाळावर घाम आला होता.

खोलीतली गर्दी ओसरली. ती पुन्हा मध्ये तोडू लागली होती, पूर्वीपेक्षा कमी, पण तोडायचीच. तरी लुरिंग येत राहिली आणि आणखी चार-सहा जण. मानाय स्वतः महिन्यातून एकदा शहरात सिस्टरांकडे जाऊ लागली. घशाचा व्यायाम शिकायला जाते, असं तिनं सांगून ठेवलं होतं. मला तिनं एकदाच सांगितलं की काही गोष्टी पोटात ठेवल्या की पोट दुखतं ग, आणि सिस्टर पाच मिनिटं काय, तासभर मध्ये बोलत नाहीत. बाई कशी जगते कोण जाणे.

निकानोर पाच आठवड्यांनी परतला. अंगावर थोडं मांस चढलं होतं, पण गोळ्यांमुळे हातांना बारीक कंप होता आणि स्तोत्रं निम्म्या वेगानं वाजत. गायकवृंदाच्या प्रमुख बाईंनी सरावात टाळी वाजवून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाल्या की असं वाजवलंस तर अर्पणाच्या स्तोत्रातच दुपार होईल. निकानोर बाकावरच वळला. "मला मनाचा आजार आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, कंप जाईल. तोवर हळू गा."

प्रमुख बाईंनी स्तोत्राचं पुस्तक पुन्हा उघडलं. मग गायला सुरुवात झाली, हळू. म्हाताऱ्या बायकांना ते फार आवडलं, कारण वीस वर्षांत पहिल्यांदा त्या सगळ्यांबरोबर ओळीच्या शेवटाला पोचत होत्या. पुढच्या आठवड्यात तिघं-चौघं जण एकेकटे ऑर्गनपाशी घुटमळले आणि खालच्या आवाजात डॉक्टरांचा पत्ता विचारून गेले, स्वतःसाठी नाही, आतेभावासाठी. त्या महिन्यात आमच्या गावचे बरेच आतेभाऊ आजारी होते. शाळेतल्या बाईंनी तेवढं सरळ स्वतःसाठी विचारलं. माझ्या मामासाठी मी विचारलं, पण मामा अजून विश्रांतीच घेतोय.

निकानोरला तपासणीची तारीख मिळाली ती दुसऱ्या मंगळवारची. फादर म्हणाले की मी तसाही प्रार्थनासभेला जातोच, वाटेत सोडीन. दर महिन्याला दोघं जीपमधून जाऊ लागले. गावाला गहिवरून आलं. असा मेंढपाळ मिळायला भाग्य लागतं, एका रुग्णासाठी स्वतः गाडी हाकतो, असं जो तो म्हणू लागला. ह्या आगळ्या सेवेबद्दल फादरांचा सत्कार करावा, असा ठराव जत्रा समितीनं एकमतानं केला.

ठरावाची बातमी मासळीबाजारात पोचली तेव्हा मी आणि मानाय लुरिंगच्या टोपलीपाशी उभ्या होतो. चार-पाच बायका फादरांचं गुणगान करत होत्या. एक म्हणाली की स्वतः इतके धडधाकट असूनही आजाऱ्यांचं दुःख किती कळतं त्यांना. मानायचा चेहरा लालबुंद झाला. तिनं तोंड उघडलं, मोठा श्वास घेतला, आणि टोपलीतलं एक माकूळ उचलून ते ताजं कसं नाही यावर बोलायला लागली. माकूळ संपल्यावर ती कोळंबीवर आली, कोळंबीवरून बर्फाच्या कारखान्यावर. बायका एकेक करून पांगल्या.

लुरिंगनं सगळं ऐकून घेतलं, माकूळ पानात बांधून तिच्या हातात दिलं आणि मला म्हणाली, "घसा अगदी बरा झाला म्हणायचा."